भाड्याचे घर, दोन भाऊ आणि तीन दलाल

वाचकांचे प्रश्न : घर आणि जमीन

प्रश्न : दारव्हा येथे आमच्या वडिलांनी स्वकमाईतून बांधलेले घर आहे. रस्त्याला लागून एक गाळा आणि मागे दोन बिऱ्हाडे, अशा तिन्ही ठिकाणी भाडेकरू आहेत. वडील मृत्युपत्र न करता वारले. आई माझ्याकडे नागपूरला असते, थोरले भाऊ गावी शेती पाहतात आणि बहीण अकोल्यास दिली आहे. घर विकावे असे सर्वांचे ठरल्यावर मी वडिलांच्या ओळखीच्या एका दलालाला सांगितले आणि भाऊंनी यवतमाळच्या एका एजंटाला सांगितले. गाळ्यातील भाडेकरूचा एक नातेवाईक स्वतःहून तिसरा म्हणून मध्ये पडला. कोणाशीही काही लेखी नाही. यवतमाळच्या एजंटाने आणलेले एक शिक्षक ३३ लाखांस तयार आहेत. मात्र हे गिऱ्हाईक आपणच आधी घर पाहायला आणले होते, असे पहिल्या दलालाचे म्हणणे आहे. दोघेही २-२ टक्के मागतात. यवतमाळचे गृहस्थ वर असेही सांगतात की त्यांच्याकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असल्यामुळे दलालीचा कायदेशीर हक्क फक्त त्यांचा आहे. तिसऱ्याने भलत्याच माणसाकडून ५१ हजार रुपये रोख इसार घेतला, साध्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली आणि ती रक्कम भाऊंपुढे आणून ठेवली. भाऊंनी ती अजून घेतलेली नाही. दरम्यान एका बिऱ्हाडाला कोणीतरी 'महिन्याभरात घर खाली करा' असे सांगितले, म्हणून त्यांनी भाडे देणे थांबवले आहे. आता कोणाला काय सांगावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण विचारलेल्या क्रमाने न जाता मी आधी त्या ५१ हजारांविषयी लिहितो, कारण बाकी सर्व गोष्टी आठवडाभर थांबू शकतात आणि ही थांबू शकत नाही. ती रक्कम आपण, भाऊंनी किंवा घरातील अन्य कोणीही स्वीकारू नये, 'तात्पुरती ठेवून घेतो' असे म्हणूनही स्वीकारू नये. दलालाचे काम गिऱ्हाईक शोधून आणण्याचे असते. मालकाच्या वतीने सौदा पक्का करण्याचा किंवा पैसे घेण्याचा अधिकार त्याला वेगळा दिलेला असावा लागतो, आणि आपण तर या तिसऱ्या गृहस्थांना कोणतेच काम सांगितलेले नव्हते. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १९६ व १९७ असे सांगते की एखाद्याने आपल्या नावाने विनापरवानगी केलेले कृत्य आपण नंतर मान्य केले, तर ते आपल्या परवानगीनेच झाले असे समजले जाते, आणि ही मान्यता तोंडाने द्यावी लागत नाही, वागण्यातूनही ती दिसू शकते. पैसे ठेवून घेणे हे तसे वागणे होय. उद्या तो इसार देणारा माणूस सौदा पूर्ण करून मागण्यासाठी दिवाणी न्यायालयात गेला, तर दावा टिको वा न टिको, शिक्षक महाशय मात्र दाव्यातील घर घेण्याआधी दहा वेळा विचार करतील. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो, म्हणजे येथे ५१ हजार घेऊन ५१ हजारच भरण्याची वेळ येईल. तेव्हा तिसऱ्या दलालाला आणि ज्याने पैसे दिले त्यालाही असे लेखी कळवावे की सदर इसम आमचा प्रतिनिधी नाही, त्याने दिलेली चिठ्ठी आम्हांस मान्य नाही व आम्ही कोणतीही रक्कम घेतलेली नाही. पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे आणि त्याची प्रत मोबाइलवरही पाठवून ठेवावी. इसार देणाऱ्याला विसरू नका. फसला असेल तर खरा तोच फसला आहे, आणि त्याला वेळेत कळले तर तो आपले पैसे ज्याला दिले त्याच्याकडूनच मागेल.

आता मूळ दुखण्याकडे येतो. दलालांचे भांडण दिसते आहे खरे, पण ते उभे राहिले ते एका घरातून दोन तोंडांनी वेगवेगळी कामे सांगितली गेल्यामुळे. वडिलांचे घर स्वकष्टार्जित होते व मृत्युपत्र नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, दोघे भाऊ आणि बहीण अशा चौघांचा त्यात प्रत्येकी पाव हिस्सा आहे. सहमालकाला फक्त स्वतःचा हिस्सा हस्तांतरित करता येतो. त्यामुळे आपण नेमलेला दलाल हा आपला आणि भाऊंनी नेमलेला एजंट हा भाऊंचा. सबंध घर विकण्याचे काम चौघांनी मिळून अद्याप कोणालाच सांगितलेले नाही. दलाल नेमताना बहिणीला तर कोणी विचारलेही नसावे असे पत्रावरून वाटते. तिची सही खरेदीखतावर लागणारच आहे, किंवा तिने स्वेच्छेने हक्कसोडपत्र नोंदवून दिले पाहिजे, आणि हे दलालाने तिला फोन करून सांगण्यापेक्षा भावांनी अकोल्यास जाऊन बोलावे हे बरे.

चौघे एकत्र बसल्यावर पहिला कागद करावा तो सर्व जुनी तोंडी कामे मागे घेण्याचा. करार कायद्याच्या कलम २०१ व २०३ प्रमाणे मालकाला दलालाचा अधिकार, त्याने तो वापरण्यापूर्वी, केव्हाही काढून घेता येतो. ठराविक मुदतीचा शब्द दिलेला असेल आणि सबळ कारण नसताना तो मध्येच मोडला, तरच भरपाईचा प्रश्न येतो. आपल्या बाबतीत मुदतच नव्हती. मात्र वाजवी आगाऊ सूचना द्यावी लागते आणि कलम २०८ प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचा परिणाम ती गोष्ट दलालाला, तसेच त्याच्यामार्फत व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या लोकांना, कळल्यापासूनच होतो. म्हणून दलालांना पत्र आणि त्यासोबत आपल्या भागात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात छोटी जाहीर सूचना, अशा दोन्ही गोष्टी कराव्यात. सूचनेत कोणाची नालस्ती करू नये. 'सदर घराच्या विक्रीबाबत आम्हां चौघांच्या लेखी संमतीशिवाय कोणाशीही व्यवहार करू नये व कोणासही रक्कम देऊ नये' एवढे पुरते. तालुक्याच्या गावी अशी सूचना पेपरात येण्याआधीच चौकातल्या चहाच्या टपरीवर पोचलेली असते, हा तर फायदाच समजावा.

अधिकार काढून घेतला म्हणून आधी केलेले काम पुसले जात नाही, आणि येथे शिक्षकांच्या सौद्याचा प्रश्न येतो. वेगळे काही ठरलेले नसेल, तर कलम २१९ प्रमाणे दलाली काम पूर्ण झाल्यावरच देय होते. म्हणजे सौदा पक्का झालेला नसताना आज कोणीही आपल्याकडे हक्काने एक रुपया मागू शकत नाही. न्यायालयासमोर वाद गेल्यास, सौदा प्रत्यक्षात कोणाच्या खटपटीमुळे जुळला हे पाहिले जाते. घर पहिल्यांदा दाखवले एवढ्यावर दलाली पिकत नाही आणि शेवटच्या बैठकीला हजर होतो एवढ्यावरही पिकत नाही. पहिल्या दलालाने शिक्षकांना घर दाखवले, भाव न पटल्याने ते परत गेले, आणि मग यवतमाळच्या एजंटाने बोलणी करून त्यांना ३३ लाखांपर्यंत आणले, असे घडले असेल तर पारडे दुसऱ्याकडे झुकते. याउलट बोलणी चालू असतानाच दुसऱ्याने गिऱ्हाईकाला वळवले असेल, तर पहिल्याचे म्हणणे सोडून देण्याजोगे नाही. हे सांगू शकणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार गिऱ्हाईक स्वतः असतो. शिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्याव्यात : घर कोणासोबत कधी पाहिले, भाव कोणी सांगितला, पुन्हा संपर्क कोणी केला. दोघा दलालांनाही आपापले संदेश व तारखा आणावयास सांगाव्यात.

त्यानंतर माझा सल्ला असा की दोघांना एकाच दिवशी, भाऊ व आपण दोघेही हजर असताना बोलवावे. एका सौद्याची दलाली एकच असते. ३३ लाखांचे २ टक्के म्हणजे ६६ हजार. दोघांना वेगवेगळे दिल्यास १ लाख ३२ हजार जातील. ६६ हजारांची वाटणी त्यांनी आपसांत ठरवावी, ती लिहून द्यावी, आणि नोंदणीच्या दिवशी दोघांच्या सहीची एकत्र पावती घेऊन धनादेशाने रक्कम द्यावी. एखाद्याने आपल्या हाताखाली आणखी दोघांना लावले असेल, तर त्यांचे देणे त्याने आपल्या वाट्यातून भागवायचे. आपल्याकडील सौद्यांत नोंदणीच्या दिवशी कार्यालयाबाहेर 'मी पण होतो' म्हणणाऱ्यांची जी रांग लागते, तिच्यातील कोणाशीही आपला करार झालेला नसतो. वाटणीवर एकमत झालेच नाही, तरी घाबरू नये : दलालीच्या वादामुळे घरावर कोणाचा बोजा चढत नाही आणि तेवढ्या कारणाने दुय्यम निबंधक दस्त नाकारत नाहीत. ज्याला आपला हक्क आहे असे वाटेल त्याने पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा लावावा. एकाला गुपचूप थोडे जास्त देऊन गप्प करण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्या गावांत तो आकडा दुसऱ्याच्या कानी जायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

महारेराच्या क्रमांकाविषयी : स्थावर संपदा कायदा, २०१६ प्रमाणे एजंटाची नोंदणी लागते ती त्या कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पांतील सदनिका, भूखंड इत्यादींच्या व्यवहारासाठी. वडिलांनी बांधलेल्या जुन्या घराची पुनर्विक्री त्यात येत नाही. त्या क्रमांकामुळे यवतमाळच्या एजंटाचा हक्क वाढत नाही आणि पहिल्या दलालाचा कमी होत नाही.

भाडेकरूंशी दलालांनी बोलावे हेच मला सर्वांत अधिक खटकते. विक्री हे भाडेकरूला बाहेर काढण्याचे कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या गावाला लागू असेल, तर कलम १६ मध्ये ताबा मागण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत 'घर विकायचे आहे' असे कारण नाही. लागू नसेल, तरी महिनेवारी भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस मालकानेच द्यावी लागते आणि तो न निघाल्यास न्यायालयातच जावे लागते. कोणा दलालाच्या तोंडी धमकीला दोन्हीकडे किंमत नाही. घर विकले गेले तरी भाडेकरूचा हक्क नव्या मालकाविरुद्ध तसाच चालू राहतो, नव्या मालकाला भाडे मिळते आणि जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येतात. म्हणून आपण स्वतः दारव्ह्याला जाऊन तिन्ही भाडेकरूंना चौघांच्या सहीचे पत्र द्यावे : घर विक्रीस आहे, घर खाली करण्यास कोणीही सांगितलेले नाही, भाडे पूर्वीप्रमाणेच द्यावे, आणि गिऱ्हाईक घर पाहायला येईल तेव्हा एक दिवस आधी कळवले जाईल. ज्या बिऱ्हाडाने भाडे थांबवले आहे, ते बहुधा या पत्रानंतर देऊ लागेल. न दिल्यास, भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी थकबाकीची लेखी मागणी केल्यानंतर ९० दिवस गेल्याशिवाय त्या कारणावरून ताब्याचा दावा करता येत नाही, हे लक्षात ठेवून मागणीचे पत्र लवकर द्यावे. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आपल्याकडे काहीच लेखी नाही. तेव्हा प्रत्येक भाडेकरूकडून भाडे किती, अनामत किती, कधीपासून राहतात, हे सहीनिशी लिहून घ्यावे आणि तो कागद गिऱ्हाईकाला दाखवावा. शिक्षकांना राहायला घर हवे आहे की भाड्याचे उत्पन्न, हे कोणत्याही दलालाने त्यांना विचारले आहे का? राहायला हवे असेल आणि 'नोंदणीनंतर बिऱ्हाडे निघतील' असे त्यांना सांगितले गेले असेल, तर हा सौदा ३३ लाखांचा नाही. पुढच्या भांडणाचा आहे. आणि गाळ्यातील भाडेकरूला स्वतःला घर घ्यायचे असेल, तर त्याच्याशीही मोकळेपणाने बोलावे. निव्वळ भाडेकरू म्हणून त्याला आधी खरेदी करण्याचा हक्क या दोन कायद्यांनी दिलेला नाही, परंतु आत बसलेला गिऱ्हाईक पुष्कळदा सर्वांत सोयीचा असतो, आणि त्याला घर दाखवायला कोणत्याही दलालाची गरज पडलेली नसते.

किमतीबाबत तिघा दलालांची तीन मते असणार हे उघड आहे, कारण काम हाती यावे म्हणून चढा भाव सांगणे आणि सौदा लवकर उरकावा म्हणून उतरता भाव सांगणे, या दोन्ही रीती जुन्या आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या भागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता पाहता येतो आणि शेजारपाजारच्या अलीकडील खरेद्यांची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) शोधता येते. त्यावरून आपला आकडा आपणच ठरवावा. शासकीय मूल्य दस्तातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असल्यास प्राप्तिकरासाठी शासकीय मूल्यच विक्रीची किंमत धरले जाते, हेही ध्यानात असू द्यावे. 'तुमच्या हातात ३१ लाख ठेवतो, वरचे माझे' असे कोणी म्हणाल्यास सरळ नकार द्यावा. मालकाला न सांगता व्यवहारातून नफा काढण्याची दलालाला मुभा नाही, आणि सांगून काढला तरी तो वरचा पैसा सहसा रोखीतच फिरतो.

शिक्षकांचा सौदा मोडलाच, तर पुढचे काम एकाच दलालाला, तीन महिन्यांच्या मुदतीने, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून द्यावे. तालुक्याच्या गावी तिघांना काम दिल्याने गिऱ्हाईके तिप्पट होत नाहीत. तीच चार माणसे तीन वाटांनी येतात. कराराची भाषा सोपी असावी, पण काही गोष्टी तीत हव्यातच. दलाली किती टक्के, ती आपल्याकडूनच की दोन्हीकडून, आणि नोंदणीच्याच दिवशी देय. पैसे स्वीकारण्याचा, सही करण्याचा व भाडेकरूंशी बोलण्याचा अधिकार नाही. आणि घर दाखवण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाईकाचे नाव चौघांच्या व्हॉट्सॲप गटावर कळवायचे. या शेवटच्या अटीमुळे आज उभा राहिला आहे तसला वाद निम्मा तरी उठत नाही, कारण ज्याचे नाव ज्या तारखेला आले ते सर्वांना दिसत राहते. दलालीची पावती जपून ठेवावी. भांडवली नफ्याचा हिशेब करताना विक्रीसाठी झालेला हा खर्च वजा मिळतो. करार करण्याआधी आखीव पत्रिकेवर (जागेच्या मालकीची शासकीय नोंद) वारसांची नावे लागली आहेत का, आणि जागा नझूलची (शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली) असल्यास भाडेपट्ट्याची मुदत व हस्तांतरणाची परवानगी यांची काय स्थिती आहे, हे पाहून घ्यावे. घाईतला दलाल या दोन कागदांचे नाव शेवटच्या दिवसापर्यंत काढत नाही.

प्रश्न : आर्वी येथील आमचे भाड्याने दिलेले घर विकण्यासाठी दोन एजंटांत चुरस आहे. त्यांपैकी एक म्हणतो, मला मुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे दुसऱ्याची कटकट राहणार नाही. मी पुण्यास असल्यामुळे हे सोयीचे वाटते. द्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : देऊ नये. दुसऱ्याची कटकट जाईल, परंतु त्यासोबत घरावरचा आपला हातही सैल होईल. ज्याची दलाली सौदा होण्यावर अवलंबून आहे त्याच्याच हातात सही दिली, तर भाव व अटी यांवर 'नको' म्हणणारे कोणी उरत नाही. केवळ मुखत्यारपत्र व साध्या करारावर घर 'विकण्याची' रीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्टपणे नाकारली आहे. अशा कागदांनी मालकी जात नाही आणि घेणाऱ्याला ती मिळतही नाही. पुण्याहून येणे अगदीच अशक्य असेल, तर घरातील विश्वासाच्या व्यक्तीला, ठरलेला खरीददार व ठरलेली किंमत यांचा उल्लेख करून, फक्त दस्त नोंदवण्यापुरते मुखत्यारपत्र द्यावे. एजंटाने ते मागितले यावरूनच दोघांपैकी कोणाला काम द्यावे याचे उत्तर मला मिळाले असते.

प्रश्न : मी मोर्शी भागात जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करतो. एका मालकाने भाडेकरू असलेले घर विकायला मला सांगितले. मी गिऱ्हाईक आणले, तीन बैठका घडवल्या, भाव ठरला. मग मालकाने 'आता तुमची गरज नाही' असे सांगून त्याच गिऱ्हाईकाशी परस्पर खरेदी केली आणि दुसऱ्या दलालाला थोडे पैसे देऊन माझे तोंड बंद करायला पाठवले. काहीही लेखी नव्हते. मला काही मागता येईल का?
– एक वाचक, मोर्शी

उत्तर : मागता येईल. तोंडी करारही करारच असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. आपल्या खटपटीने सौदा जुळत आल्यावर केवळ दलाली वाचवण्यासाठी काम काढून घेतले, तर मालकाला त्याचा लाभ सहसा मिळत नाही, आणि खरेदीखत झालेले असल्यामुळे काम पूर्ण झाले हा भागही आपल्या बाजूने आहे. मालकाशी व गिऱ्हाईकाशी झालेले संदेश, फोनच्या नोंदी, बैठकीला हजर असलेल्यांची नावे एकत्र करावीत आणि खरेदीखताची सूची क्रमांक २ काढावी. तीवर तारीख व किंमत दोन्ही मिळतील. भाडेकरूलाही विचारावे, कारण घर पाहायला गिऱ्हाईक कोणासोबत आले हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि दावा लावायचाच झाला तर तो दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या मुदतीत लावावा. त्या दुसऱ्या दलालाने देऊ केलेली रक्कम 'पूर्ण हिशेब मिटला' अशा पावतीवर घेऊ नये. घ्यायचीच असेल तर पावतीवर 'दलालीपोटी अंशतः' असे स्वतःच्या हाताने लिहावे.